दातांची तार निघू द्या, मग ट्रंपेट

पत्र:

“माझी मुलगी अकरावीत आहे. पाचवीत असताना शाळेच्या बँडमध्ये तिच्या हातात ट्रंपेट आलं आणि मग तिने ते सोडलंच नाही. सध्या तिच्याकडे यामाहाचं विद्यार्थ्यांसाठीचं २३३० आहे, तेही एका सीनियरकडून घेतलेलं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेची सहावी ग्रेड चांगल्या मार्कांनी झाली. तिचे सर म्हणतात, आता प्रोफेशनल ट्रंपेट घ्या. दुकानात अडीच-तीन लाखांचे आकडे ऐकून मी परत आले. दुकानदार मधल्या दर्जाचंही एक दाखवत होता, लाख-सव्वा लाखाचं. न्यू जर्सीतला भाचा म्हणतो, इथे बाख कंपनीचं वापरलेलं ट्रंपेट पंधराशे डॉलरला मिळतंय, डिसेंबरात येताना घेऊन येतो. आमचे लालबागचे काका लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. ते म्हणतात, मेरठचं दहा-बारा हजारांत आणून देतो, उगाच पैसे उडवू नका. माझी दोन लाखांची भिशी ऑगस्टमध्ये लागते आहे. थोडे पैसे बाजूलाही आहेत. ह्यांचं म्हणणं, भिशी आली की लगेच घेऊन टाकू, किमती वाढतच जाणार. मुलीला विचारलं तर ‘सिल्व्हर हवं’ एवढंच सांगते. तशीही ती दातांच्या तारेमुळे वैतागलेली असते. तार दिवाळीनंतर निघेल, तोपर्यंत तिच्याशी जास्त बोलण्यात अर्थ नाही. आणि नातेवाईक आहेतच विचारायला, ‘मुलगी काय वरातीत वाजवणार?’ काय करू?”
– एक आई, परळ

ताई,

पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. दातांची तार. बाख की यामाहा, नवं की वापरलेलं, हे सगळं तिच्यानंतर. ट्रंपेट जरूर घ्या, पण तार निघाल्यावर घ्या, आणि निघाल्यावरही दोन-तीन महिने जाऊ द्या. ऑगस्टमध्ये भिशी आली की पैसे बँकेत टाका आणि ह्यांना सांगा की वर्षअखेरीपर्यंत विषय बंद.

कारण सांगते. ट्रंपेटमधला आवाज वाजवणाऱ्याच्या ओठांच्या कंपातून निघतो. पितळेची नळी तो नुसता मोठा करते आणि त्याला आकार देते. माऊथपीसची कडा ओठांवर टेकते आणि त्या ओठांना मागून आधार असतो दातांचा. तार आहे तोवर ओठ आणि दात यांच्यामध्ये धातूचा एक थर आहे. ओठ थोडा पुढे ढकललेला असतो, आतून टोचतं म्हणून मूल माऊथपीस जरा वर किंवा जरा बाजूला धरायला शिकतं, दाब कुठे द्यायचा आणि कुठे चोरायचा हेही शिकतं. ही तडजोड तिने गेली वर्ष-दोन वर्षं केली असणार, आणि तरी सहावी ग्रेड चांगली काढली म्हणजे पोरगी चिवट आहे. तार निघाली की ही सगळी बैठक बदलते. बऱ्याच मुलांचे वरचे सूर काही दिवस गायब होतात, आवाज फुटतो, डोळ्यांत पाणी येतं. काही आठवड्यांत सगळं परत येतं, बहुतेकदा आधीपेक्षा चांगलं. पण तोपर्यंत तिला कुठलं ट्रंपेट ‘बरं वाटतं’ याला काहीच अर्थ नाही. ऑगस्टमध्ये जे सहज फुंकलं जाईल तेच जानेवारीत अडल्यासारखं वाटू शकेल. दोन-अडीच लाखांचा निर्णय बदलत्या तोंडाच्या भरवशावर कशाला घ्यायचा? दरम्यान किंमत वाढली तर वाढू दे. ती वाढ चुकीच्या ट्रंपेटपेक्षा स्वस्तच पडेल. तार काढल्यावर डॉक्टर रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी) देतील. वाजवताना तो घालायचा की काढून ठेवायचा हे त्यांना त्याच दिवशी विचारून घ्या. मुलगी ट्रंपेट वाजवते हे डेंटिस्टला आधीच सांगितलेलं बरं.

सातवी ग्रेडही या काळात येणार असेल. ती आहे त्याच ट्रंपेटवर द्या. परीक्षेच्या तोंडावर वाद्य बदलायचं नाही, आणि तार काढायची तारीखही परीक्षेच्या आधीच्या आठवड्यांत घ्यायची नाही.

मधल्या महिन्यांत करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला खर्चही नाही. पहिलं काम सरांचं. त्यांना विचारा, “या ट्रंपेटवर तिला नेमकं काय जमत नाहीये?” ते म्हणाले की हळू वाजवताना सूर उशिरा उमटतो, किंवा मोठ्याने वाजवलं की आवाज पसरतो आणि कडक होतो, किंवा वरच्या जी-च्या पुढे रंगच उरत नाही, तर ती खरी कारणं आहेत, आणि पुढे दुकानात तपासायचं काय तेही त्यातून कळेल. उत्तर नुसतं “सहावी झाली, आता हवंच” असं आलं तर मात्र घाई नाही असं समजा.

दुसरं काम, आहे ते ट्रंपेट धुणं. हसू नका. सीनियरकडून आलेल्या वाद्याच्या लीडपाइपमध्ये, म्हणजे माऊथपीसनंतरच्या पहिल्या नळीत, काय काय साचलेलं असतं ते एकदा बघाल तर तिला वडापाव खाऊन लगेच वाजवू देणार नाही. बादलीत कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, आणि दुकानात मिळतो तो लांब लवचीक ब्रश. पाणी कढत नको, त्याने लॅकर (पितळेवरचा पारदर्शक लेप) उडतं. तिन्ही पिस्टन (बोटांनी दाबायचे ते) बाहेर काढून वेगळे ठेवायचे आणि १, २, ३ हे त्यांच्यावरचे आकडे पाहूनच परत आपापल्या जागी बसवायचे. अदलाबदल झाली तर फुंकर आतच अडेल आणि तुम्हाला वाटेल वाद्य मेलं. पिस्टनची वरची फेल्टं झिजलेली असतील, पाणी सोडायच्या चावीचं कॉर्क खराब असेल, तर दुरुस्तीवाल्याकडून तेवढंच बदलून घ्या. किरकोळ काम असतं, पण ‘आवाज दबलाय’ ही तक्रार कित्येकदा तिथेच संपते. आणि हो, देवघरातली समई ज्या पितांबरीने घासता ती या पितळेपासून लांब ठेवा.

आता मधल्या दर्जाच्या ट्रंपेटबद्दल. घेऊ नका. माझं मत जरा कडक आहे, पण २३३० हे विद्यार्थ्यांच्या ट्रंपेटांमध्ये बऱ्यापैकी प्रामाणिक वाद्य आहे. त्याचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ११.६५ मिमी आहे, आणि यामाहाच्या झेनो ८३३५ या प्रोफेशनल ट्रंपेटचाही तेवढाच. फरक इतरत्र आहे: बेल, म्हणजे पुढचं भोंग्यासारखं तोंड, एकाच पत्र्यातून हाताने ठोकून काढलेली आहे की दोन तुकडे जोडून, लीडपाइप आतून कसा रुंदावत जातो, धातूची जाडी किती, पिस्टन किती घट्ट बसवलेत. मधल्या दर्जात यातलं थोडंथोडं मिळतं आणि दोन वर्षांत पुन्हा प्रोफेशनलची चर्चा सुरू होते. मग तुमच्याकडे दोन ट्रंपेटं विकायला. मुंबईत वापरलेल्या गिटारला गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत मिळेल. ट्रंपेटला शोधत बसावं लागतं.

प्रोफेशनलमध्ये कुठलं? पहिलं म्हणून मी नेहमी मधल्या वाटेचं सांगते. बी फ्लॅट ट्रंपेट (म्हणजे नेहमीचं), बोअर ०.४५९ इंचाच्या आसपास (ज्याला मीडियम-लार्ज म्हणतात), बेल यलो ब्रासची, म्हणजे पिवळ्या पितळेची, वजन नेहमीचं. बाखचं स्ट्रॅडिव्हेरियस १८०एस३७ आणि यामाहाचं झेनो ८३३५एस ही दोन्ही याच घरातली. शिल्की, गेट्झन वगैरेही उत्तम बनवतात, पण आपल्याकडे चार वाजवून एक निवडावं इतके पर्याय बहुधा या दोघांतच मिळतात. सी ट्रंपेट (बी फ्लॅटपेक्षा एक स्वर चढं) घे असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. ते ऑर्केस्ट्रात बसल्यावर. गोल्ड ब्रासच्या बेलमध्ये तांबं जास्त असतं, ८५ टक्के. यलो ब्रासमध्ये ७०. गोल्ड ब्रासचा आवाज थोडा गडद, ऊबदार वाटतो असं सांगतात. वाटतोही. पण वाजवणारीचा आवाज अजून घडतोय, तेव्हा वाद्याने आपला रंग त्यात आधीच मिसळू नये असं मला वाटतं. फार जड ट्रंपेट, फार मोठा बोअर, हे सगळं ‘प्रो’ दिसतं, पण सोळा वर्षांच्या फुप्फुसांना त्यावर पूर्ण कार्यक्रम काढता येत नाही.

जाता जाता, बाख म्हणजे तो जर्मन संगीतकार नव्हे. व्हिन्सेंट बाख हा ऑस्ट्रियात जन्मलेला ट्रंपेटवादक. न्यूयॉर्कमध्ये १९१८ साली माऊथपीस बनवू लागला, मग ट्रंपेटांकडे वळला. स्ट्रॅडिव्हेरियस हे नाव व्हायोलिनवाल्यांकडून उचललेलं आहे. त्या नावाला भुलून मुलं दुकानात आधी त्याच्याकडेच धावतात, म्हणूनच पुढचं सांगते ते नीट वाचा.

ट्रंपेट तिने निवडायचं आहे, पण नाव आणि किंमत न बघता. दुकानात फोन करून आधी वेळ ठरवा, शनिवार-रविवारची गर्दी टाळा. धोबीतलावावर १८६५ साली सुरू झालेलं फुर्टाडोज आहे, इतरही दुकानं आहेत, पण सगळी मॉडेलं सगळ्यांकडे हजर नसतात, तेव्हा “दोन-तीन एकदम वाजवून बघायला मिळतील का?” हाच पहिला प्रश्न. मिळणार नसतील तर थांबा. एकच पीस समोर ठेवून “हेच सगळे घेतात” असं ऐकायला मिळालं, तर चहा पिऊन घरी या.

बरोबर न्यायचं ते असं: तिचा स्वतःचा माऊथपीस, तिचं जुनं ट्रंपेट, मोबाइलवर ट्यूनर, सर, आणि तुम्ही. माऊथपीस स्वतःचाच हवा, कारण तो बदलला की सगळंच बदलतं आणि मग श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही. (नव्या ट्रंपेटबरोबर जो माऊथपीस येतो तो डब्यातच राहू द्या. तार निघाल्यावर कदाचित तिला वेगळा लागेल. तो काही हजारांत येतो आणि सरांसमोर बसून निवडता येतो.) जुनं ट्रंपेट यासाठी की तुलना त्याच्याशीच करायची आहे. नवीन दोघांत कुठलं चांगलं हे नंतर. आधी जुन्यापेक्षा नवं खरंच चांगलं आहे का? कधीकधी नसतं.

एसीत थंड पडलेलं ट्रंपेट सुरात खाली असतं. म्हणून प्रत्येकात दोन-तीन मिनिटं फुंकर घालून ते गरम होऊ द्यायचं, ट्यूनर त्यानंतर. नव्या पिस्टनला कारखान्यातलं तेल असतं, ते पुसून ताजं व्हॉल्व ऑइल टाकायला सांगा. आणि तिला बजावून ठेवा की पहिल्याच दमात वरचा सी लावायचा नाही. दुकानात सगळी मुलं तेच करतात, आणि दहा मिनिटांत ओठ दमले की पुढची सगळी ट्रंपेटं वाईट वाटायला लागतात.

सुरुवात मधल्या जी-पासून. एक लांब सूर, शक्य तितका हळू. सूर हवेतून सरळ उमटतो की आधी नुसती फूं ऐकू येते आणि मग आवाज? चांगल्या वाद्यात तो ओठ हलले की लगेच असतो. तोच सूर वाढवत न्यायचा, फुटेपर्यंत. मोठा होताना आवाज भरत जातो की कडेने फाटतो ते ऐकायचं. मग खालच्या सी-पासून दोन सप्तकांपर्यंतचे स्केल, न थांबता, बांधून. मग तिच्या परीक्षेच्या तुकड्यांतलं एखादं अवघड वळण, जे तिला पाठ आहे.

आता तुमचं काम. ट्यूनर तुमच्या हातात द्या आणि तिला तो दिसू देऊ नका. दिसला की मुलं ओठांनी सूर ओढून काटा बरोबर आणतात आणि ट्रंपेटचा दोष झाकला जातो. तिने डोळे मिटून वाजवायचं, तुम्ही काटा बघून लिहायचं. ट्रंपेटचे काही सूर मुळातच वाकडे असतात. स्टाफमधला, म्हणजे नोटेशनच्या पाच ओळींमधला, वरचा ई आणि त्याच्या खालचे ई फ्लॅट आणि डी थोडे उतरलेले असतात. एकाच नळीतून निघणाऱ्या सुरांच्या मालिकेतल्या पाचव्या सुराचं ते देणं आहे, १४ सेंटांच्या आसपास (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). स्टाफच्या वरचा जी किंचित चढलेला असतो. खालचा डी आणि सी शार्प बऱ्यापैकी चढलेले. पहिला व्हॉल्व (पिस्टन आणि त्याची जादा नळी) सूर एक स्वर उतरवतो, दुसरा अर्धा आणि तिसरा दीड. पण प्रत्येकाची जादा नळी एकट्यासाठी मोजलेली असते. पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की नळी आधीच लांब झालेली असते, त्या लांबीला ही जादा नळी पुरत नाही आणि सूर चढतो. म्हणून तिसऱ्या व्हॉल्वच्या स्लाइडला, म्हणजे सरकत्या नळीला, अंगठी असते. डाव्या हाताच्या अनामिकेने ती बाहेर ढकलायची. ती स्लाइड नुसत्या बोटाने, ओघात, न अडखळता पुढे जाऊन परत येते का ते बघाच. लाखोंच्या ट्रंपेटमध्येही ती अडणारी पाहिली आहे. चांगल्या वाद्यात हे सगळे दोष असतात, पण लहान आणि ओठांनी सहज भरून काढता येण्याजोगे. ज्याच्यात दोन शेजारचे सूर विरुद्ध दिशांना पळतात, ते कितीही गोड वाजलं तरी बाजूला ठेवा.

यानंतर मजा. सरांना दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून उभं करा. ट्रंपेटची बेल वाजवणारीपासून दूर वळलेली असते, त्यामुळे जे तिला ऐकू येतं ते समोरच्याला ऐकू येत नाही. तुम्ही कुठलं ट्रंपेट आहे ते न सांगता एकेक तिच्या हातात द्या. तिने डोळे मिटलेलेच ठेवावेत. प्रत्येकावर तेच चार ओळींचं वाजवायचं. सरांनी नंबर द्यायचे, तिने वेगळे. मग उघडून बघा. एका विद्यार्थ्याने मी समोर असताना असे नंबर दिले होते, आणि पहिलं आलेलं निघालं ते त्याने आधी ‘ह्यात दम नाही’ म्हणून बाजूला ठेवलेलं ट्रंपेट. दोघांचे नंबर जुळले तर निर्णय झाला. जुळले नाहीत तर पुढच्या आठवड्यात सकाळी, ताज्या ओठांनी, परत. एका फेरीत पैसे देऊ नका.

भाच्याचं ट्रंपेट. त्याचा हेतू चांगला आहे आणि भावही वाईट नाही, पण ते तिने वाजवून पाहिलेलं नसेल. एकाच मॉडेलची दोन बाखसुद्धा सारखी वाजत नाहीत, हे वाजवणारे सगळे सांगतील. शिवाय वापरलेल्यात बघायच्या गोष्टी फोटोत कळत नाहीत. तरी घ्यायचंच असेल तर त्याला तिथल्या एखाद्या ब्रास दुरुस्ती करणाऱ्याकडे ते घेऊन जायला सांगा. लीडपाइपवर गुलाबी-तांबूस ठिपके असतील, तर पितळेतलं जस्त आतून निघून जातंय. त्याला रेड रॉट म्हणतात आणि तो पसरतो. पिस्टनची परीक्षा तो स्वतःही करू शकेल: दुसऱ्या व्हॉल्वची स्लाइड, पिस्टन न दाबता, झटकन ओढायची. बाटलीचं बूच निघाल्यासारखा खणखणीत ‘पॉप’ आला तर व्हॉल्व हवा धरतोय. फुसका आला तर पिस्टन झिजलाय, आणि तो नव्यासारखा करणं हे इथे मुंबईत सहज होणारं काम नाही. बेल वळलेली, सरळ केलेली, पुन्हा सोल्डर केलेली आहे का तेही विचारायचं. ऑनलाइन अनोळखी विक्रेत्याकडून तर नकोच. बाखच्या नावाची बनावट ट्रंपेटं विकली जातात आणि त्यांवर शिक्का अस्सलसारखाच असतो. आणि आणायचंच ठरलं तर खरेदीची पावती जवळ ठेवून, प्रवाशाच्या सामानाचे सीमाशुल्काचे नियम आधी बघूनच आणायचं. माझं विचाराल तर त्याला डिसेंबरात चांगलं व्हॉल्व ऑइल, स्लाइड ग्रीस आणि दोन-तीन ब्रश आणायला सांगा. त्यालाही बरं वाटेल.

काकांना मात्र नाराज करू नका. मेरठच्या जली कोठीत पिढ्यान्‌पिढ्या बँडची वाद्यं बनत आली आहेत आणि देशभरातल्या वराती त्यांच्यावर चालतात. उघड्यावर, ढोलताशांच्या वर, दहा-बारा जणांनी मिळून एकच चाल वाजवायची तर ती पुरतात. बंद खोलीत पियानोबरोबर, परीक्षकासमोर, हळू आवाजात सूर धरायचा तर नाही पुरत. बस, एवढाच फरक. काकांनी वर्षानुवर्षं उन्हात चालत ट्रंपेट वाजवलंय. दम कसा पुरवायचा हे ते मुलीला दुकानदारापेक्षा चांगलं शिकवतील. दिवाळीत त्यांना घरी बोलवा आणि तिच्याबरोबर वाजवायला सांगा.

आणि नातेवाइकांना सांगा, वरातीतही वाजवेल, त्यात लाज कसली. शिवाय मुंबईला ट्रंपेट नवं नाही. गोव्याच्या आल्दोनाचा आंतोनियो वाझ, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणायचे, तो ताजमध्ये बँड घेऊन वाजवायचा आणि आपल्या सी. रामचंद्रांचा, म्हणजे पुणतांब्याच्या चितळकरांचा, सहायक होता. हिंदी गाण्यांतल्या त्या तुताऱ्या अशाच लोकांनी फुंकल्या आहेत. मुलींचं म्हणाल तर इंग्लंडची ॲलिसन बॉल्सम ऐकवा. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम असतात, २००६ पासून. सीझनचं वेळापत्रक बघून एकदा तिला घेऊन जा आणि मागच्या रांगेतल्या ट्रंपेटांकडे कान देऊन बसा.

राहिलं सिल्व्हर. तिचा हट्ट बरोबर आहे, कारण कदाचित चुकीचं असेल. चांदीचा थर आणि लॅकर यांच्यात आवाजाचा फरक मानणारे भेटतील, मी त्यात पडत नाही. पण मुंबईच्या दमट, खारट हवेत आणि घामट हातांत लॅकर पकडीच्या जागी सोलून निघतं आणि एकदा गेलं की गेलं. चांदी काळी पडते, पण मऊ कापडाने पुसली की परत येते. वाजवून झालं की हाताच्या जागा पुसायच्या, चावीतून पाणी काढायचं, आणि केसमध्ये सिलिका जेलची पुडी. केसमध्ये रबरबँड ठेवू नका, रबरातल्या गंधकाने चांदी डागाळते. पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवायचं नाही.

केसवरून आठवलं. दिसायला छान असलेली मऊ बॅग घेऊ नका. ती दादरला लेडीज डब्यात चढणार आहे, आणि लोकलच्या गर्दीत बेल दाबली जायला एक धक्का पुरतो. कडक केस घ्या, जड वाटली तरी. त्यासाठी आणि माऊथपीससाठी बजेटमधले वीसेक हजार आत्ताच वेगळे काढून ठेवा. त्यातलं उरलं तर सरांच्या फीत जाऊ द्या. अडीच लाखांचं ट्रंपेट घेऊन पुढच्या सहा महिन्यांच्या क्लासला पैसे नाहीत, अशी घरं आहेत.

बिल घेताना त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो दुसऱ्या व्हॉल्वच्या केसिंगवर कोरलेल्या नंबराशी तिथेच ताडून पाहा. वॉरंटीत पिस्टन येतात का, सर्व्हिस मुंबईतच होते की वाद्य बाहेर पाठवावं लागतं, तेही त्याच बिलावर लिहायला सांगा.